एक्याण्णव अंश उत्तर

मागच्या रविवारी मी तुम्हाला फोनवर गच्ची दाखवत होते, तेव्हा धाकटीने विचारलं, आजी, टाकीच्या बाजूला तो पांढरा काठीसारखा खांब कसला? मी म्हटलं, वरच्यांचा. तेवढ्यात तुमच्याकडे झोपायची वेळ झाली आणि फोन बंद झाला. खांबाचं सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल, आणि हल्ली मला सगळं सांगायचा शीण येतो. म्हणून एकदाच लिहून ठेवते. तुमची आई वाचून दाखवील.

वरचे म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरचे भाडेकरू. त्यांना नाव होतं, पण गल्लीत ते कुणी घेत नसे. बाकीचे त्यांना साहेब म्हणत, तुमचे आजोबा आणि मी ‘वरचे’. मालवाहू जहाजांवर वायरलेस ऑफिसर म्हणून त्यांचा जन्म गेला. मग जहाजांवरून ती जागाच काढून टाकली, कारण यंत्रं आपसांत बोलायला लागली. हे घर पाहायला आले तेव्हा त्यांनी नळाला पाणी किती वेळ येतं ते विचारलं नाही, मोरी पाहिली नाही. सरळ गच्चीवर गेले, समुद्राकडे तोंड करून उभे राहिले आणि म्हणाले, “मध्ये काही नाही. बरं आहे.” आपलं घर कातळावर उंचावर आहे आणि पश्चिमेला खरोखरच मध्ये काही नाही. मागच्या वर्षी ते गेले, तेव्हाही कुणाला मध्ये न घालता गेले. दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या.

तो खांब म्हणजे अँटेना. समुद्रातलं प्रत्येक मोठं जहाज दर काही सेकंदांनी आपणहून बोलतं: मी अमुक, इथे आहे, इतक्या वेगाने तिकडे चाललं आहे. ते बोलणं आपल्यासारखं नसतं. नुसते शून्य आणि एक, एकामागून एक, मध्ये श्वासही नाही. वरच्यांच्या कॉम्प्युटरमध्ये एक प्रोग्रॅम होता, तो त्या शून्य-एकांचे ठरलेल्या लांबीचे तुकडे पाडायचा आणि प्रत्येक तुकड्याचा अर्थ लावून रकान्यात मांडायचा. जहाजाचा क्रमांक, अक्षांश, रेखांश, वेग, दिशा. इथपर्यंत तुम्हाला यात नवल वाटणार नाही. तुमच्या फोनवर असली जहाजं नकाशात रंगीत बाणांसारखी फिरताना दिसतात.

पण वरचे नकाशा बघत नसत. ते रकाने छापून घेत. त्यासाठी त्यांनी बंद पडलेल्या एका पतपेढीच्या लिलावातून जुना प्रिंटर आणला होता, सलग कागदाचा, दोन्ही कडांना भोकं असलेला. तो छापायला लागला की खालच्या माझ्या खोलीत पत्रा करवतल्यासारखा आवाज येई. पडद्यावरची ओळ वर सरकली की गेली, कागद जागचा हलत नाही, असं त्यांचं म्हणणं. रोज सकाळी चहाबरोबर ते मागल्या दिवसाचा कागद मांडीवर घडी घडी उलगडत वाचत. वर्तमानपत्र त्यांनी कधी घेतलं नाही. जगात काय चाललंय असं आजोबांनी विचारलं की म्हणत, “कोळसा येतोय. सिमेंट चाललंय.”

दुपारी एक ते तीन प्रिंटर बंद, असं मी पहिल्याच आठवड्यात ठरवून दिलं. ते त्यांनी मान्य केलं आणि ‘साडेसात ते साडेनऊ’ असं लिहून दाराला चिकटवलं. त्यांच्या खोलीतलं घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर होतं, कारण कागदावरची वेळही ग्रीनिचची. दोन घड्याळं ठेवली की माणूस कधीतरी चुकीच्या घड्याळात बघतो, म्हणून एकच. याच घड्याळावरून त्यांनी दूधवाल्याला साडेबाराला यायला सांगितलं होतं. तो बिचारा माझ्याकडे आला. “काकू, रात्री साडेबाराला म्हस पण उठत नाय, साहेबांना जरा सांगा.” मी वर जाऊन सांगितलं. ते म्हणाले, “रात्री कोण म्हणालं?” त्यांच्या साडेबाराला आपले सकाळचे सहा वाजत.

मला शिस्त आवडते, पण दुसऱ्याची शिस्त आपल्या डोक्यावर चालत असली की माणूस दमतो.

त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरले तेव्हा कागद वाचायला ते मला बोलावू लागले. आजोबा गेल्यानंतरचा तो काळ. माझ्याही संध्याकाळी रिकाम्याच होत्या, आणि इंग्रजी शिकवण्यात जन्म गेलेला, त्यामुळे न थकता कंटाळवाणं वाचायची सवय. त्यांनी मला एक एक रकाना शिकवला. सगळ्यात आधी हे शिकवलं की यातले बहुतेक आकडे जहाज स्वतःच भरतं. वर माणूस असो नसो, यंत्राला वीज आहे तोवर ते भरत राहणार. दोन-तीन रकाने मात्र माणसाला हाताने भरावे लागतात. कुठे चाललो आहोत, हा त्यातला एक. तो खलाशी घाईघाईत भरतात आणि बंदरांची स्पेलिंगं अशी करतात की माझा हात लाल पेन्सिलीकडे जाई. दुसरा रकाना एका आकड्याचा. शून्य म्हणजे इंजिनावर चाललंय, एक म्हणजे नांगर टाकलाय, पाच म्हणजे धक्क्याला बांधलंय. तोही बटण दाबून बदलावा लागतो आणि पुष्कळांना विसर पडतो. मग वरचे त्या ओळीवर चिडत. “नांगर टाकून बारा नॉटने पळतोय, शहाणा.”

दुसरी गोष्ट त्यांनी फार प्रेमाने शिकवली. जहाजाला आपण कुठे आहोत हे कळेनासं झालं, तर ते रकाना रिकामा सोडत नाही आणि जुना आकडाही रेटत नाही. अक्षांशाच्या जागी एक्याण्णव लिहितं, रेखांशाच्या जागी एकशे एक्याऐंशी. पृथ्वीवर अशी जागाच नाही, त्यामुळे कुणाची फसगत होत नाही. एक्याण्णव म्हणजे ‘माहीत नाही’. बहुतेक प्रोग्रॅम अशा ओळी कचरा म्हणून गाळून टाकतात. वरच्यांनी आपल्या प्रोग्रॅमला गाळायला मनाई केली होती.

स्वतःही ते तसेच होते. पाऊस येईल का? माहीत नाही. आंबा यंदा कसा? माहीत नाही. लोक तोंडदेखलं काहीतरी बोलतात, तसं त्यांना येतच नसे. आजोबांना कोल्हापूरच्या इस्पितळात नेलं, तेव्हा गल्लीतला प्रत्येक माणूस मला सांगून गेला की काळजी करू नका, आठवड्यात चालत घरी येतील. वरचे जिन्यात भेटले. मी म्हटलं, बरे होतील ना हो? ते म्हणाले, “मला माहीत नाही.” मी पुष्कळ दिवस त्यांच्याशी बोलले नाही. आजोबा घरी आले नाहीत, त्यानंतरही काही महिने नाही.

आता प्रमिलाचं. तुम्ही तिला ओळखता, शेजारची, तुम्हाला तांदळाच्या बोरांचा डबा देते ती. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. नवरा मुंबईला कंपनीत, वर्षातून दोनदा येणार. मुलगा निखिल. तो एका मालवाहू जहाजावर लागला होता, सिमेंट घेऊन गुजरातमधून कोचीला आणि परत. ते जहाज महिन्यातून एक-दोनदा आपल्या समोरून जाई. रत्नागिरीला थांबत नसे, इतक्या लांबून जाई की गच्चीवरून धूरसुद्धा दिसू नये. पण अँटेनाला ऐकू येई. त्या दिवशी वरचे कागदाचा तेवढा तुकडा फाडून ठेवत आणि प्रमिला शाळेतून येताना तो घेऊन जाई. “काकू, आज सतरा अंशावरून गेला,” असं मला दारातूनच सांगे, जणू पोरगं सायकलवरून गल्लीतून गेलं. मग गच्चीवर जाऊन समुद्राच्या रिकाम्या रेषेकडे थोडा वेळ बघून येई. एवढंच. पण या एवढ्यावर ती महिना काढत असे, हे मला दिसत होतं.

ज्या वर्षीचं मी सांगते आहे, त्या वर्षी मे महिन्यात समुद्रात वादळ उठलं. आदल्या दिवशी बुद्धपौर्णिमा होती आणि प्रमिला खिरीची वाटी घेऊन वर गेली होती. वरच्यांनी तिला सांगितलं की निखिलचं जहाज गुजरातहून निघालंय, उद्या आपल्या अँटेनाच्या टप्प्यात यायला हवं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून वारा सुटला. शाळेला सुटी होतीच. दिवे गेले. दुपारी प्रमिला माझ्याकडे आली ती चप्पल न घालता. मुंबईहून दिराचा फोन आला होता. त्याच्या मोबाइलच्या नकाशावर जहाज हर्णैच्या समोर दिसत होतं, पण ती जागा काल दुपारची होती. त्यानंतर बाण हललाच नव्हता. निखिलचा फोन लागत नव्हता. जहाजाच्या कंपनीत कुणी उचलत नव्हतं.

आम्ही दोघी वर गेलो. इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर आणि प्रिंटर चालू होते, पंखा आणि दिवा त्यांनी बंद ठेवला होता. वरच्यांनी आणखी एक खुर्ची पुढे ओढली. कागदावर नेहमीच्या मानाने फारच थोड्या ओळी येत होत्या. मोठी जहाजं लांब निघून गेली होती. मी वाचत होते, प्रमिला माझ्या खांद्यावरून बघत होती. एवढ्या वर्षांत तिलाही रकाने समजायला लागले होते, आणि निखिलच्या जहाजाचा क्रमांक तर तिला पाठ होता.

तो क्रमांक माझ्याआधी तिला दिसला. मग पुढचा आकडा दिसला. अक्षांश एक्याण्णव.

एक्याण्णवचं काय ते वरच्यांनी मला सांगितलं होतं, तिला नाही. तिला सांगायची कधी वेळच आली नव्हती. ती जमिनीवर बसली, भिंतीला टेकून. तिचा आवाज अगदी वर्गात शिकवतानाचा होता.

“काकू, नव्वदच्या पुढे काही नसतं. मी पोरांना शिकवते ना. नव्वदला संपतं सगळं.”

मी काही म्हणायच्या आत वरचे खुर्चीतून उठून तिच्यासमोर खाली बसले. त्या वयात, त्या गुडघ्यांनी. एक्याण्णव म्हणजे काय ते त्यांनी तिला सांगितलं. जहाज बुडालं असतं तर ही ओळच आली नसती. त्याला आपण कुठे आहोत ते कळत नाहीये, पण त्याचं बोलणं आपल्या अँटेनाला ऐकू येतंय, म्हणजे ते इथून चाळीसेक मैलांच्या आत आहे. तरंगतं आहे, आणि यंत्राला बॅटरीची का होईना वीज आहे. मोबाइलवर ते कालच्याच जागी दिसतंय, कारण त्या लोकांनी ही ओळ गाळून टाकली.

प्रमिलाने सगळं ऐकलं. मग तिने विचारलं, “वर माणसं आहेत का?”

“माहीत नाही.”

“साहेब...”

“हे आकडे जहाज आपणहून सांगतं, प्रमिला. वर कुणी नसलं तरी सांगेल.”

माझा संताप झाला. जिन्यातला तो दिवस मला आठवला, आणि या वेळी मी गप्प बसले नाही. तिच्यादेखतच म्हटलं की तुमच्या तोंडून एक शब्द गोड निघाला तर कुठलं जहाज बुडणार आहे? आहेत म्हणा, सुखरूप आहेत म्हणा, तेवढाच तिला एक तास निभेल.

ते म्हणाले, “आता आहेत म्हटलं, तर तासाभराने मी खरंच आहेत म्हणेन तेव्हा ती कशावरून मानील?”

प्रमिला डोळे पुसून म्हणाली, “वाचा काकू.”

आम्ही वाचत बसलो. बाहेर नारळ वाकत होते आणि शेजारच्या शेडचा पत्रा सारखा आपटत होता. निखिलच्या जहाजाची ओळ मधूनमधून येई. दर वेळी तीच. एक्याण्णव, एकशे एक्याऐंशी, आणि हाताने भरायच्या रकान्यात शून्य. शून्य म्हणजे इंजिनावर चाललंय. वरचे म्हणाले, हे जुनं आहे, बंदरातून निघताना कुणीतरी दाबलेलं, यावर जाऊ नका. वाचून वाचून माझा घसा सुकला. प्रमिलाने पाणी आणलं, मला दिलं, स्वतः प्यायली नाही. एका आकड्यावर डोळा ठेवून बसणं किती दमवणारं असतं हे मी तुम्हाला सांगू शकत नाही. काही होत नाही, आणि तरी उठता येत नाही.

संध्याकाळ व्हायला आली तेव्हा मी वाचलं, “दोन.”

वरचे म्हणाले, “परत वाचा.”

मी परत वाचलं. शून्याच्या जागी दोन होता. त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला, डोळ्यांच्या अगदी जवळ नेला, आणि प्रिंटरकडे बघत राहिले. प्रमिला विचारत होती, काय झालं, काय झालं. त्यांनी हाताने थांब म्हटलं. पुढची ओळ आली. दोन. त्याच्या पुढचीही आली. दोन.

“हा आकडा जहाज स्वतः बदलत नाही,” ते म्हणाले. “आत्ता कुणीतरी बटण दाबलंय.”

“दोन म्हणजे काय?”

“जहाज ताब्यात नाही. इतरांनी लांब राहावं.”

आपल्या मुलाचं जहाज ताब्यात नाही हे ऐकून हसू लागलेली आई मी तेवढीच पाहिली. हसता हसता ती हुंदके देऊ लागली. वरचे तिथेच थांबतील असं मला वाटलं, पण नाही. त्यांनी तिला सांगितलं की वर किमान एक माणूस जिवंत आहे आणि शुद्धीवर आहे; तो निखिल आहे का, ते या कागदावरून कळत नाही. प्रमिलाने मान हलवली. या वेळी ती चिडली नाही, मीही नाही. मग त्यांनी तटरक्षक दलाला फोन लावला. लागायला बराच वेळ गेला. तिकडच्या माणसाने शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की जहाजाची खबर त्यांना आहे, वारा पडला की ओढून आणायला टग निघेल. वरच्यांनी आभार मानून फोन ठेवला. त्यांची मदत कुणाला लागली नव्हती. ते खुर्चीत मागे टेकून बसले. एवढे दमलेले मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

रात्र प्रमिलाने माझ्याकडे काढली. निखिलचा ठावठिकाणा अजून नव्हताच. पहाटे वारा पडला. त्याच दिवशी दुपारी दिराचा फोन आला की जहाज ओढत जयगडच्या खाडीत आणताहेत, माणसं सगळी आहेत म्हणतात. ‘म्हणतात’ या शब्दावर प्रमिलाचा विश्वास नव्हता. तिने भाकऱ्या भाजल्या, मासे मिळण्यासारखे नव्हते म्हणून सोड्यांची भाजी केली, डबा भरला आणि रिक्षा बोलावली. मी तिच्याबरोबर निघाले. बघते तर वरचे फाटकाशी उभे, पायांत बूट. बँकेखेरीज कुठेही न जाणारा माणूस. ते पुढे रिक्षावाल्याशेजारी बसले. आरे-वारेच्या रस्त्यावर सुरूची झाडं आडवी झाली होती, दोनदा उतरून चालावं लागलं.

जयगडच्या जेटीवर एक होडी माणसं आणून सोडत होती. दुसऱ्या खेपेत निखिल उतरला. दाढी वाढलेली, अंगभर काळं तेल. प्रमिलाने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग त्याला धरून ठेवलं. सुटल्यावर तिचा पहिला प्रश्न होता, “बटण कोणी दाबलंन?”

“कसलं बटण? आई, मी दोन दिवस खाली पंपावर. वर काय चाललंय ते मला काय माहीत.”

तिने त्याला विचारून यायला लावलं. तो जाऊन आला आणि म्हणाला, सेकंड ऑफिसरनं. केरळचे आहेत. पहिल्याच संध्याकाळी ते पडले आणि उजवा हात मोडला, तसेच वर एकटे बसून होते.

तो माणूस जेटीच्या कठड्यावर बसला होता. पन्नाशीचा, पांढऱ्या दाढीचा. उजवा हात पट्ट्याने गळ्यात बांधलेला. प्रमिला निखिलसाठी आणलेला डबा घेऊन त्याच्याकडे गेली. त्याला वाटलं, कुणाची तरी आई आहे, खायला देते आहे. तो उठून उभा राहिला. डावा हात पुढे केला आणि अर्ध्यातच मागे घेतला. कुणाच्या हातचं अन्न डाव्या हाताने घ्यायचं नाही, हे त्यांच्याकडेही असणार. मग तो दात आवळून तो बांधलेला हातच सोडवायला लागला.

“नको, नको,” प्रमिला म्हणाली. “डावाच द्या. त्यानंच दाबलंत ना.”

त्याला मराठी कळलं नाही. तो आमच्याकडे बघू लागला. तेव्हा वरचे पुढे झाले आणि त्यांनी तिचं बोलणं त्याला जहाजावरच्या साध्या इंग्रजीत सांगितलं. जन्मभर त्यांनी मिळालेल्या ओळीत स्वतःचं एक अक्षर घातलं नव्हतं. मी इंग्रजीची शिक्षिका, शेजारीच उभी होते, म्हणून सांगते. प्रमिलाचं बोलणं सांगून झाल्यावर ते थांबले नाहीत. काल दुपारभर आम्ही तिघं या हाताची वाट बघत होतो, असंही ते म्हणाले. प्रमिला तसं काही बोलली नव्हती.

त्या माणसाने डावा हात पुढे केला.